मजला बंद केला त्या वर्षी

आधीच्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि सेवाज्येष्ठतेत पुढचा नंबर माझा होता, म्हणून मी मुख्याध्यापिका झाले. इतकी वर्षं तिसरीचा वर्ग घेतला होता, तो सुटला. आमची मराठी प्राथमिक शाळा खाडीकाठच्या जुन्या गावात, संस्थेच्या जुन्या इमारतीत भरते. मी सीवूड्सहून रिक्षाने जायचे. सुरुवातीचे काही महिने कोणतीही शिक्षिका काही विचारायला आली की मी म्हणायचे, "संस्थेच्या सचिवांना विचारून सांगते." सहलीची बस असो की स्नेहसंमेलनाचा मांडव, उत्तर तेच. शिक्षिकांनी मग विचारणंच सोडलं.

एका सकाळी मुलं मैदानात प्रार्थनेला उभी असताना वरच्या मजल्यावरून मोठा आवाज आला. दुसरीच्या वर्गात छताचं प्लॅस्टर कोसळलं होतं. मधल्या दोन बाकांवर परातीएवढे तुकडे पडले होते, आणि धूळ अजून खाली बसत होती. दप्तरं बाकांवरच होती. शिक्षिका दारात उभ्या राहून छताकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

मी शेजारच्या वर्गांत जाऊन वर पाहिलं. तिथेही ओल होती, तडे होते. वरचा सगळा मजला रिकामा करून जिन्याच्या दाराला कुलूप लावलं आणि मग सचिवांना फोन केला.

"एक खोली बंद ठेवा ना," ते म्हणाले. "सगळा मजला कशाला? पालकांना उगाच टेन्शन."

"मजला बंद केलाय, सर."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. तुम्हाला कळवायलाच फोन केला."

"मग जबाबदारी तुमची."

"हो, माझीच."

फोन ठेवला. बोलताना माझा आवाज थरथरला नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

दुपारपर्यंत फाटकाशी पालक जमले. एक बाप फार संतापला होता. त्याला मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मुलं वाचली ती प्रार्थनेची वेळ होती म्हणून, हेही सांगितलं. तो बाजूला झाला, पण त्याला पटलं असं दिसलं नाही. गावातली एक आजी, जिची नात दुसरीत होती, ती म्हणाली, "बाई, समाजमंदिर रिकामाच हाय. तिकडं बसवा पोरांना. कोन नाय बोलनार."

वरच्या मजल्यावरचे वर्ग समाजमंदिरात भरू लागले. तिथे कोणाच्या लग्नाची हळद असली की सुट्टी द्यावी लागे. काही पालकांनी दाखले काढून मुलं उलव्याच्या इंग्रजी शाळेत घातली. संस्थेने नेमलेल्या इंजिनिअरने मजला बंदच ठेवा असं सांगितलं. सचिवांनी दुरुस्तीची माणसं पाठवली.

त्यानंतर मी 'विचारून सांगते' म्हणणं सोडलं. ठरवून सोडलं असं नाही, गरज पडेनाशी झाली. मुख्याध्यापकांच्या एका प्रशिक्षणात आम्हाला विचारलं गेलं, कामात आनंदी आहात का? माझ्या शेजारचे मुख्याध्यापक लगेच हो म्हणाले. मी म्हटलं, "निर्णय घ्यायची भीती गेली. आनंदाचं वेगळं आहे." आणि माईक पुढच्याकडे दिला.

मजला दुरुस्त होऊन वर्ग परत वर आले, त्या आठवड्यात पहिलीच्या बाई रजेवर होत्या. त्यांचा वर्ग मी घेतला. फळ्यावर 'मगर' लिहिलं. एक मुलगी उभी राहिली, एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत तिने ते वाचलं, आणि स्वतःच दचकल्यासारखी हसली. मग मला म्हणाली, "तुमी हापिसातल्या बाई ना? तुमाला शिकवता पन येतं?"

"येतं," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द लिहिला. सुट्टीची घंटा झाली तरी मला कळलं नाही, मुलांनीच सांगितलं.