उताराला लावलेली जीप

माझा थोरला भाऊ गेला त्या दिवशी तो स्वतः गाडी चालवत दवाखान्यात आला होता. मी शेजारी बसले होते. दर हिवाळ्याप्रमाणे नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन तो सकाळीच वडिवळ्याहून माझ्याकडे वलवणला आला. पोतं उतरवलं, अर्धा कप चहा घेतला आणि कप खाली ठेवत म्हणाला, "मंगल, छातीत जड झाल्यासारखं वाटतंय गं." स्वेटर घालून बसावं अशी हवा, आणि याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. माझी गाडी नेमकी दुरुस्तीला टाकलेली. मी रुग्णवाहिकेसाठी फोन उचलला, तर हा चप्पल घालून उभा. "ती येईस्तवर आपण पोचतोय की. गाडी हाय ना दारात." वाद घालण्यापेक्षा लवकर निघालेलं बरं, म्हणून मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

दवाखान्याच्या दारापाशी आल्यावर मी म्हटलं, "इथेच थांब." तो थांबला नाही. दारासमोरची जागा सपाट होती. भिंतीला वळसा घालून तो मागच्या रस्त्याला गेला. तिथे चांगला उतार आहे. गाडीचं नाक खाली करून त्याने ब्रेक दाबून धरला आणि म्हणाला, "दगड लाव." मी सीटखालचा दगड काढला आणि पुढच्या चाकाखाली सरकवला. "नीट लाव गं. टाकीची बाजू वर कर." मी दगड उलटा करून खडबडीत बाजू वर केली. त्याने ब्रेक सोडला, गाडी दगडावर जराशी टेकली आणि थांबली. मग इंजिन बंद करून तो उतरला आणि माझ्या खांद्याला धरून पायी आत गेला... माझ्याशी तो शेवटचं बोलला ते एवढंच. टाकीची बाजू वर. दुपार व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं. मी बंगले सांभाळण्याचं काम करते; कामावरून कमी करायचं असलं की मालकही असेच बाजूला बोलावतात. बाजूला बोलावून हळू आवाजात सांगितलेली बातमी कशी असते, ते मला कळतं. मी बसले नाही.

आधी मला रडू आलं नाही, राग आला. बसायला सांगणाऱ्या डॉक्टरांनाच मी विचारलं, गाडी मागे लावण्यात जो वेळ गेला, तो गेला नसता तर? ते म्हणाले, असं नक्की कुणालाच सांगता येणार नाही. उत्तर खरं असेल, पण त्यावर माणसाने काय करायचं? आणि राग वाढायला आणखी एक कारण होतं. उताराची गरजच उरली नव्हती. माझ्या भाच्याने गेल्या पावसाळ्यानंतर वडिलांच्या गाडीला नवी बॅटरी बसवली होती, स्टार्टरही दुरुस्त करून दिला होता. चावी फिरवली की गाडी चालू होत होती. तरी हा उतार शोधत गेला, घामाने भिजलेला.

जीप आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. एका सरकारी खात्याच्या लिलावात दादाने ती घेतली. डिझेलची, चारही चाकं ओढणारी. दारावरची सरकारी अक्षरं खरवडून काढली होती, पण ऊन तिरपं पडलं की ती पुन्हा वाचता यायची. त्यासाठी दादाने बैलजोडी विकली. त्याच वर्षीच्या पावसात ती आमच्याच खाचरात पोटापर्यंत रुतली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर असलेला खटका हाताने फिरवला की ती चाकंही जोर लावतात, हे दादाने ऐकलं होतं. तो चिखलात उतरला, बराच वेळ खटके फिरवत बसला, वर येऊन गाडी रेटली आणि ती आणखी खाली गेली. शेवटी शेजाऱ्याचे बैल आणावे लागले. वहिनी तेव्हा नवी नवरी होती, सासऱ्यासमोर मान वर करायची नाही. पण त्या दिवशी ती बांधावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बैल इकून गाडी घेतली. आता गाडी वढायला लोकाचं बैल." आमचे आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दादा मात्र गंभीर. "खटका उलटा फिरवला गेलता," म्हणाला. पुढे त्याच खटक्यांच्या जोरावर त्याने धरणाच्या काठी रुतलेल्या पाहुण्यांच्या कितीतरी गाड्या बाहेर काढल्या. पण वहिनीने ते बोलणं शेवटपर्यंत सोडलं नाही. गाडी कुठे अडली की ती फक्त विचारायची, "बैल बोलवू का?"

उताराची सवय गाडी घेतल्यावर पहिल्याच थंडीत लागली. जुनी बॅटरी आणि डिझेलचं इंजिन... थंडीत सकाळी ते नुसतं कण्हायचं. आमचं घर चढावर आहे. दादा रात्रीच गाडी अंगणाच्या तोंडाशी नाक खाली करून लावायचा. सकाळी ती उतारावर सोडायची, दुसरा गिअर टाकायचा, क्लच झटकन सोडायचा. एक आचका बसायचा, काळा धूर निघायचा आणि गाडी चालू. हॅन्डब्रेक नावालाच होता. त्यामुळे चाकाखाली दगड हवाच, आणि तो काढायला दुसरं माणूस. एक जण ब्रेकवर पाय देऊन बसणार, दुसरा दगड ओढणार. गेली कित्येक वर्षं तो दगड वहिनीने काढला. दगडही तिचाच. तिच्या फुटलेल्या पाट्याचा तुकडा, एका बाजूला निमुळता, पाचरीसारखा. पाट्याला टाकी लावलेली असते ना, वाटण घसरू नये म्हणून खडबडीत केलेली बाजू? ती वर ठेवली की चाक घसरत नाही. टाकीवाला वर्षाकाठी दारावर यायचा तेव्हा दादा या तुकड्यालाही टाकी लावून घ्यायचा. टाकीवाला विचारायचा, "भाऊ, ह्याच्यावर काय वाटता?" दादा म्हणायचा, "टायर."

ही सवय आमच्या सगळ्या घरादाराला पुरून उरली. लग्नाला गेलो की सगळे मांडवात आणि हा गावाबाहेर उतार बघत फिरतोय. माझ्या लग्नात वरातीला त्याची जीप हवी होती. कार्यालय सपाट जागेवर, म्हणून त्याने दिवसभर इंजिन बंदच केलं नाही. डिझेलच्या इंजिनाला एकदा चालू झालं की बॅटरी लागत नाही. आतला खटका ओढून डिझेल तोडलं तरच ते थांबतं. मंगलाष्टकं चालू होती आणि बाहेर घरघर. फोटोत मी वैतागलेली दिसते ती त्यामुळे. सासरचे लोक विचारत होते, कुणी घाईत आहे का?

गाडी चालवायला मी याच जीपवर शिकले, धरणाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. मुलीला कशाला शिकवतोस, असं आबा म्हणाले होते. दादा त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "क्लच सोड. हळू न्हाई, एकदम. घाबरलीस की ती बंद पडती." शिकवताना तो एकदाही ओरडला नाही. ओरडायचा तो गाडीवर. डिझेलच्या नळीत हवा धरली की बॉनेट उघडून हाताच्या पंपाने ती काढत बसायचा आणि मोठ्यामोठ्याने तिच्याशी भांडायचा. "तुला काय कमी केलं गं मी? फिल्टर नवा, तेल नवं, आनि तुझी नाटकं." वहिनी स्वयंपाकघरातून ओ द्यायची, "मला म्हनताय का?" "न्हाई, तुझ्या सवतीला." हे जवळजवळ दर आठवड्याला. गावातल्या लोकांना तिच्या इंजिनाचा आवाज पाठ होता. ती कामशेतला निघाली की दुधाचं कॅन घेऊन, दवाखान्याचा कागद घेऊन कुणी ना कुणी रस्त्याला उभं असायचं. मी त्याला अनेकदा सांगितलं, विकून टाक, सुटे भाग मिळत नाहीत, चाकांवरचे कमानपाटे बसले आहेत, पाठीचा खुळखुळा होतो. तो म्हणायचा, "विकली तर मी करू काय सकाळी?"

तेराव्यानंतर भाचा हिशेबी बोलला, आणि ते बरोबरच होतं. गाडीचं पासिंग या वर्षी संपतंय, इतक्या जुन्या डिझेल गाडीला पुन्हा मिळायचं अवघड, आईला चालवता येत नाही, तो स्वतः चाकणला कंपनीत. लोणावळ्याचा एक भंगारवाला गाडी आहे तिथूनच उचलून न्यायला तयार होता. मी होकाराची मान हलवली. मला त्या गाडीचं तोंड बघायचं नव्हतं. वहिनी सगळं ऐकत भिंतीशी बसली होती. म्हणाली, "द्यायची ती द्या. पन आधी घरी आना. तिकडनं परस्पर न्हाई जायची ती." भाचा समजावत राहिला, पण ती हटली नाही. मग एकदम माझ्याकडे वळून तिने विचारलं, "वन्सं, लावलीय कुटं?"

"मागच्या रस्त्याला. उतारावर."

"नाक कुनीकडं?"

"खाली."

ती पदराने नाक पुसून म्हणाली, "म्हंजे घरी यायचं व्हतं त्यास्नी."

इतके दिवस मी ते फक्त हट्ट म्हणून बघत होते. माणूस मरणाच्या दारात आहे आणि गाडीची जागा शोधतोय, एवढंच मला दिसत होतं. परत निघताना अडचण नको म्हणून गाडी उताराला लावायची, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी ते वहिनीने सांगावं लागलं. माझा राग त्या दिवशी गेला असं म्हणणार नाही. पण तो कुणावर काढायचा ते कळेनासं झालं.

आम्ही दोघी नणंद-भावजय एका रविवारी गेलो. भाच्याची कंपनीत पाळी होती. जीप तशीच उभी होती, टपावर सुकलेली पानं पडलेली, काचेवर धूळ. आत डिझेलचा आणि त्याच्या तंबाखूचा वास. मी चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. दिवासुद्धा लागला नाही. इतके दिवस थंडीत उभी राहून ती नवी बॅटरी पार उतरली होती. दवाखान्याच्या दारात सपाट जागेवर असती तर आम्हाला ती तिथेच सोडून यावी लागली असती. मी वहिनीकडे बघितलं. ती आधीच पदर खोचून चाकापाशी वाकली होती.

"पाय हाय का ब्रेकवर?"

"आहे."

"दाबून धरा, जड लागतोय इंजिन बंद असताना. काढू?"

"काढा."

तिने एका झटक्यात दगड ओढला आणि बाजूला झाली. हजारदा केलेलं काम. मी ब्रेक सोडला. गाडी आधी हललीच नाही, मग कुरकुरत सुटली. दुसरा गिअर... आणि घाबरलीस की बंद पडती. मी क्लच एकदम सोडला. आचका बसला, मागे काळा लोट उठला आणि इंजिन चालू झालं. उताराच्या तळाशी मी गाडी थांबवली. आरशात वहिनी येताना दिसत होती, दगड पोटाशी धरून, रस्त्याच्या मधोमध, सावकाश. शेजारी बसल्यावर तिने तो खाली ठेवला नाही. कामशेत येईपर्यंत तो तिच्या मांडीवर होता. इंजिनाच्या त्या आवाजात बोलता येत नाही. नाणे रस्त्याला लागल्यावर वळणापाशी एक म्हातारी रिकामं कॅन घेऊन रस्त्याकडेला आली, सवयीने हात वर केला, आणि गाडी जवळ येताच तो खाली घेतला.

घरी पोहोचल्यावर मी गाडी वळवून अंगणाच्या तोंडाशी, त्याच्या जागेवर लावली. नाक खाली. ती तिथे थोडेच दिवस उभी राहणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. इतकं नीट लावायची काही गरज नव्हती. वहिनी उतरली, दगड चाकाखाली ठेवला, टाकीची बाजू वर आहे ना ते हाताने चाचपून बघितलं. "सोडा." मी ब्रेक सोडला. गाडी नेहमीसारखी थोडी पुढे आली आणि दगडावर टेकली. मी इंजिन बंद करायच्या खटक्याला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या जरा," वहिनी म्हणाली.

ती पुढे आली आणि बॉनेटवर दोन्ही तळहात टेकवून उभी राहिली. थंडीत सकाळी गाडी चालू करून दादाने ती वर आणून पुन्हा दगडाला टेकवली की ती अशीच उभी राहायची, हात शेकत, तो घरातून चपला शोधून येईपर्यंत. तिची नजर घराच्या दाराकडे होती. एरवी मी म्हटलं असतं, फुकट डिझेल जळतंय. मी खटक्यावरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.