शहाडच्या पुलाखाली

आम्हा हौशी लोकांना रविवारी डोंबिवलीच्या खाडीत गळ टाकायला नेणारे एक कोळी गृहस्थ आहेत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते ओहोटीच्या चिखलात पुढे चालतात, पायाच्या अंगठ्याने चिखल दाबून पाहतात आणि म्हणतात, "साहेब, इथं टाका." आमचे रॉड महागडे, पण मासा कुठे आहे ते त्यांच्या अंगठ्यालाच कळतं.

मासा लागला की फोटो तेच काढतात, तोही चिखलात बसून, खालून वर. फोटोत मी, मासा आणि आभाळ. जागा ओळखू येईल असं झाड नाही की पूल नाही. परतताना कुणी विचारलंच, "कुठे लागला?", तर त्यांची हनुवटी बिनचूक उलट्या दिशेला वळते. फक्त एकदा, रिकामी टोपली घेऊन आलेल्या म्हाताऱ्या कोळणीला त्यांनी नेमकी जागा सांगितली, वर भरतीची वेळही सांगितली.

गेल्या रविवारी मला हातभर जिताडा लागला. वर रस्त्यावर आमच्याच सोसायटीतला एक जण स्कूटरवर भेटला.

"अरे वा, कुठे मिळाला रे?"

मला फुशारकी मारायची भारी हौस. शेजारी हे गृहस्थ मान खाली घालून पायाचा चिखल खरवडत होते.

"पार कल्याणच्या पलीकडे, शहाडला," मी म्हणालो. "पुलाखाली."

स्कूटर दिसेनाशी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"चल दादूस, चा पिऊ."

चार वर्षं मी नुसता साहेब होतो.