गुरुजी जिथे थांबायचे

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही. आम्ही नागपूरचे, बौद्ध. भूतखेत, अंगात येणं असा विषय कुणी काढलाच, तर वडील सरळ उठून बाहेर जायचे. त्यातून मी सॉफ्टवेअर टेस्टर — दुसऱ्याच्या कामात चूक शोधणं हीच रोजीरोटी. या प्रसंगातली चूक मात्र इतक्या वर्षांत मला सापडलेली नाही...

१९९७ चा ऑक्टोबर. आई सहा महिने आमच्याकडे पिस्कॅटवेला, न्यू जर्सीत राहून परत निघाली होती. एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मी सोबत. तिकीट बँकॉकवरून होतं, मधे एक दिवस मोकळा. अमेरिकेत मॉलशिवाय काही दाखवलं नाहीस, ही तिची कायमची तक्रार. म्हटलं, चला, हिला अयुथया दाखवू — थायलंडची जुनी राजधानी, विटांचे पडके स्तूप, डोकी उडवलेल्या बुद्धमूर्ती. बँकॉकहून टॅक्सीने दीड तास.

दुपारी दोनला पोचलो. आभाळ गच्च भरलेलं. ड्रायव्हर वर बोट दाखवून "स्टॉर्म! क्विक, क्विक!" म्हणत होता. पण माझ्या हातात नवा व्हिडिओ कॅमेरा, मी ऐकतो कसला! आईचे गुडघे दुखत होते. तिला एका मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसवलं, छत्री दिली, "इथून हलू नको, पाच मिनिटांत येतो," असं बजावलं आणि मागच्या स्तूपाकडे गेलो.

पाचाची पंधरा मिनिटं झाली. मग वारा सुटला... आडवा पाऊस, दहा फुटांवरचं दिसेना. कॅमेरा बंद करून शर्टाखाली धरला (म्हणजे रेकॉर्डिंग आहे का, हे विचारू नका — नाही) आणि पळत सुटलो. वाटेत ड्रायव्हर भेटला, तो आम्हालाच शोधत आला होता. दोघं झाडापाशी पोचलो. भलीमोठी फांदी बाकावर कोसळली होती. बाकाचे दोन तुकडे. पानांमधून आईच्या छत्रीची मूठ दिसत होती.

मी वेड्यासारखा डहाळ्या ओढू लागलो. मीच तिला तिथे बसवलं, मीच हलू नको म्हणालो — डोक्यात तेवढंच.

तेवढ्यात आवाज आला. डावीकडून, पडक्या भिंतीपलीकडून. आई बुद्धवंदना म्हणत होती. "इति पि सो भगवा..." तिचाच तो घोगरा आवाज, शंकाच नको. "सुगतो"पर्यंत आली आणि थांबली.

हे थांबणं सांगायला हवं. आमच्या वस्तीतल्या विहारात एक गुरुजी होते, दम्याचे. "सुगतो" म्हटलं की त्यांना धाप लागे, मग ते दोन श्वास घेत. ते थांबत म्हणून सगळा विहार थांबे. गुरुजी गेले, तरी आमची वस्ती तिथे थांबतेच. दुसरीकडे कुठेही कुणाला तसं थांबताना मी ऐकलेलं नाही.

दोन श्वास... आणि वंदना पुढे सुरू झाली. मी रडतच त्या दिशेने धावलो, मागोमाग ड्रायव्हर.

भिंतीला वळसा घातला आणि आवाज बंद. एका कोनाड्यात आई बसली होती. चिंब भिजलेली, पण धडधाकट. मला बघून म्हणाली, "काऊन रे, म्हणणं काऊन थांबवलं?"

"मी?"

"मग कोण? तूच त वंदना म्हणत होता इकडून. म्हटलं, पोरगा बोलावून राहिला, म्हणून उठून आली."

"आई, मी तुझा आवाज ऐकून आलो!"

"मी कायले म्हणू? मी त ऐकत होती."

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी ड्रायव्हरकडे वळलो. "यू हर्ड?"

तो हात जोडून उभा होता. "येस. मेनी पीपल." मग हळूच विचारलं, "व्हाय दे ऑल स्टॉप इन मिडल?"



गाडीत आईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. "तूच होता ना, बाबू?" मी म्हटलं, "हो आई, मीच."

तिला नागपूरला सोडून मी परतलो, तोवर वस्तीभर झालं होतं — पोराने वंदना म्हणून आईला वाचवलं. आईने फोन करून माझ्या बायकोलाही हौसेने सगळं सांगितलं. फोन ठेवून सुषमाने विचारलं, "अहो, तुम्हाला कुठे पूर्ण वंदना येते?"

खरं होतं. "सुगतो"च्या पुढचा एक शब्द मला येत नव्हता. लहानपणी गुरुजी थांबले, की त्या दोन श्वासांत आम्ही पोरं विहाराबाहेर पळायचो.

वाऱ्याचा आवाज, घाबरलेलं डोकं... सगळं धरून पाहिलं, काही जुळत नाही. आई जाऊन आता चार वर्षं झाली. शेवटपर्यंत ती येईल-जाईल त्याला माझं कौतुक सांगत राहिली, आणि मी खाली मान घालून ते ऐकत राहिलो.