मी कापलेली वाक्यं

त्या बाई युक्रेनच्या, सत्तरीच्या पुढच्या. आयुष्यभर त्यांनी जुन्या कबरी खणल्या होत्या. ठाण्याच्या आमच्या ऑफिसात परदेशी अभ्यासकांचं इंग्रजी नीट करून देण्याचं काम चालतं. सरांनी त्यांच्या आठवणींचं पुस्तक माझ्याकडे दिलं, कारण माझं इंग्रजी चांगलं आहे आणि मी क्लायंटशी फार बोलत नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी कौतुक म्हणून सांगितल्या.

बाई युद्धामुळे घर सोडून पोलंडमध्ये एका खोलीत राहत होत्या. खोदकामाच्या वह्या तिकडेच राहिल्या. ज्या म्युझियममध्ये वस्तू होत्या, तिथलं काय वाचलं ते त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून चाळीस वर्षांचं काम त्या आठवून लिहीत होत्या. आता त्या कामाचा पुरावा म्हणजे एवढंच लिखाण. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आठवड्याला एक प्रकरण यायचं. डोंबिवलीला घरी, आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून मी ते वाचायचे. विद्यार्थिनी असताना पहिले दोन उन्हाळे बाईंना फक्त खापरं धुवायला बसवलेलं. एकदा त्यांनी एका खापराच्या आतला काळा थर घासून काढला. तो हजारो वर्षांपूर्वी करपलेल्या जेवणाचा होता. त्यांचे प्राध्यापक ओरडले नाहीत. वहीत लिहायला लावलं, ‘हे मी धुवून टाकलं.’ पुढे त्या स्वतः तुकडीच्या प्रमुख झाल्या. मैलोन् मैल गवत, मध्येच मातीचं उंच टेकाड, आणि त्याच्या पोटात कबर. अशा एका कबरीत त्यांच्या तुकडीला एका स्त्रीचा सांगाडा सापडला, कमरेजवळ बाणांची टोकं ठेवलेली. त्यांच्या कामात सगळ्यांत नावाजलं गेलं ते हेच.

पण बाईंची एक सवय होती. ‘हे मी पाहिलं नाही, ड्रायव्हरने सांगितलं.’ ‘डोकं पूर्वेला होतं, बहुतेक. आता खात्री नाही.’ असं प्रत्येक पानावर. आईला मी एकदा मराठीत सांगितलं, तर ती दोरा तोडत म्हणाली, “अगं, एवढी शिकलेली बाई आणि पानापानावर माहीत नाही, माहीत नाही. हिला डिग्री दिली कोणी?”

मी हसले. आमच्या इंग्रजी शाळेत ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसता यायचं नाही. काहीतरी बोल, पण पूर्ण वाक्यात बोल, असं टीचर म्हणायच्या. घरी मराठी बोलणारी मी तेवढं पक्कं शिकले. वाक्य गुळगुळीत असलं की टीचर पुढच्या बाकाकडे वळायच्या. उत्तराचं कुणी फारसं बघत नसे.

तर मी ती वाक्यं कापली. ऑफिसचा नियम असा की केलेला बदल लाल अक्षरांत दिसला पाहिजे आणि शंका समासात विचारली पाहिजे. मी लाल सगळं पुसून स्वच्छ प्रत पाठवत गेले. एवढं लाल बघून त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला विचारायचं टाळायचं होतं. स्क्रीनवरचं इंग्रजी वाचून त्यांचे डोळे दुखायचे, त्यामुळे त्या वरवर बघून पुढे जुन्या सहकाऱ्यांना वाचायला पाठवायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, ‘तू मला फारच ठाम बाई केलंस.’ मी खूश झाले.

एका शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे लाइट गेलेली, मी मोबाइलवर घेतला. त्यांनी एक पत्र वाचून दाखवलं. खोदकामातल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीने बाणांच्या टोकांच्या त्या कबरीचं प्रकरण वाचलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘ती कबर मी उघडली. तू त्या दिवशी तापाने तंबूत पडली होतीस. आजवर हे तूच सगळ्यांना सांगत आलीस. आता तुला माझ्या वाट्याचंही हवं झालं का?’

बाईंनी आपला मूळ कागद कॅमेऱ्यासमोर धरला. “माझं वाक्य इथे आहे. मी तापात होते, हे तिच्याकडून ऐकलं. ते कुठे गेलं?”

“सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी झालं असेल,” मी म्हणाले.

त्यांनी कागद खाली ठेवला. “बरं. मग मी तिला तसं लिहिते.”

माझं खोटं आता त्यांच्या सहीने जाणार होतं. मी कॉल बंद केला. शेजारी आईने पायमशीन थांबवून विचारलं, काय झालं गं. काही नाही म्हटलं.

सोमवारी ठाण्याला गेले तेव्हा सरांना सांगून पाहिलं. ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “तक्रार आलीय का? नाही ना? मग तू कशाला उकरतेस?” मला इतकं हलकं वाटलं की मी खाली जाऊन सँडविच खाल्लं. त्या सँडविचची मला अजून लाज वाटते.

पुढच्या कॉलला बाईंनी मैत्रिणीचं उत्तर सांगितलं. ‘आपल्यापैकी तंबूत कोण होतं, ते सॉफ्टवेअरला कसं कळलं?’ सांगताना त्या हसल्या, पण त्या पत्रात खाली नेहमीसारखं तिने तब्येतीचं विचारलं नव्हतं. तेही त्यांनी सांगितलं.

“मॅडम, ते मी कापलं,” मी म्हणाले. “ते आणि बाकीची.”

“बाकीची?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना एकच वाक्य गेलेलं माहीत होतं.

“सगळ्या प्रकरणांतली. ती वाक्यं कच्ची वाटत होती.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “लाल करून पाठव,” एवढंच म्हणाल्या. पहिल्या प्रकरणापासूनचं सगळं परत लाल करायला मला तीन दिवस लागले. मग त्यांनी मैत्रिणीला पत्र लिहायला सांगितलं, माझं मी, माझ्या नावाने. ते चार ओळींचं पत्र मी कितीतरी वेळा खोडलं. त्याला अजून उत्तर आलेलं नाही. मला नाही, त्यांनाही नाही.

काम बाईंनी माझ्याकडून काढून घेतलं नाही. पण आता मी प्रत्येक पान त्यांना कॉलवर मोठ्याने वाचून दाखवायचं, असं ठरलंय. मी वाचते. मध्येच त्या हात वर करतात, मी थांबते. त्या मान खाली घालून आपल्या कागदावर बोटाने ती ओळ शोधतात, आणि ती सापडेपर्यंत मी त्यांच्या केसांच्या भांगाकडे बघत बसते. आतापर्यंत प्रत्येक ओळ जागेवर निघाली आहे. तरी पुढच्या पानावर हात वर जातोच.