हळदीला न गेलेला मामा

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. बाँडची रक्कम पंचवीस हजार. कोर्टात हजर होते हरेश, त्याची बायको सुनंदा, वकील आणि जामीनदार म्हणून मी. त्याच्या ओवे गावात लग्नाच्या आदल्या रात्रीच्या एका हळदीत, दारूच्या भरात हरेशने चुलतभाऊ प्रकाशचा हात खुर्चीने मोडला होता. पहिलाच गुन्हा, म्हणून तुरुंगाऐवजी न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं. शिवाय प्रकाशला तीस हजार भरपाई, हप्त्यांनी. सगळी भावकी प्रकाशच्या बाजूची, जामीन राहायला कोणी येईना. पनवेलला तो आमच्या समोरच्या खोलीत भाड्याने आला होता, म्हणून मी सही केली. त्याने पुन्हा हात उचलला तर तो आत आणि पंचवीस हजार मी भरायचे. तेव्हापासून जिन्यात कोणी मोठ्याने बोललं तरी मी दार उघडून बघायचो...

कोर्टाने त्याच्यावर देखरेखीला नेमलेल्या मॅडम म्हणाल्या होत्या, “मी घर, काम आणि संगत बघते. घर आहे, ट्रेलर चालवायची नोकरी आहे. पण याची संगत म्हणजे याचे नातेवाईकच, तीच पंचाईत आहे.” दारू त्याने सोडली. हळदीची आमंत्रणं मात्र येतच राहिली. पुढे सख्ख्या भाचीची हळद निघाली. बहीण दारात येऊन म्हणाली, “मामाच नाय, तर हळद लावाची कशी?” प्रकाश तिथे असणारच होता.

त्या दिवशी दुपारीच हरेश नवा शर्ट घालून आमच्याकडे येऊन बसला. “भाऊ, कडी लावा. मी उघडा बोललो तरी उघडू नका.” मी कडी लावली आणि दाराशीच खुर्ची घेतली. माझ्या दुप्पट अंगाचा माणूस; उठला असता तर मी काय करणार होतो? त्याचा फोन वाजत होता आणि त्याची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. दिवेलागणीला तो म्हणाला, “आख्ख्या गावात नाचाला मी पयला. नि आता तुमच्याबरोबर शेअरबाजाराच्या बातम्या बघतोय. यापेक्षा जेल बरी.” माझी बायको हसली. मला हसू आलं नाही.

मुदत संपायला थोडे महिने उरले असताना, गेल्या महिन्यात, द्रोणागिरीहून, ट्रेलर उभे राहतात तिथून, अनोळखी फोन आला. “हरेशचे तुमी कोण?” “काय केलं त्याने?” मी विचारलं. “काय नाय केला, सायेब. गाडीत बसला होता, तसाच गेला.”

दिवसकार्य उरकल्यावर सुनंदा म्हणाली, “शेवटचा हप्ता राहिलाय, भाऊ. कोनी बोलाला नको, मेला म्हणून सुटला.” आम्ही दोघं ओव्याला गेलो. प्रकाशने पैसे घेतले, पण मोजले नाहीत. “वयनी, भाचीच्या हळदीला मी त्याची वाट बघत होतो,” तो म्हणाला. कशासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याचा तो हात अजून पुरता सरळ होत नाही.

प्रकाशला शेवटचे पाच हजार मिळाले, एकूण तीस हजार पूर्ण. बाँडचे पंचवीस हजार कोणालाच द्यावे लागले नाहीत.