पुढे अठरा, मागे बावीस

१२ जुलै २००८, शनिवार. सकाळी साडेपाचला मी अंगणात जीपच्या टायरमध्ये हवा भरत होते.

आधीच सांगते, भूतबाधा, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. नवेगाव बांधजवळ आमचं घर. समोर तलाव, मागे जंगल... असल्या गोष्टी सांगणारे इथे रोज भेटतात. मी त्यांना चहा देते आणि वाटेला लावते. आता मीच लिहायला बसले आहे, त्याला इलाज नाही.

जीप आमच्या ह्यांची. जुनी, फोर-व्हील-ड्राइव्ह. हे २००४ मध्ये गेले, अचानक. लोक म्हणाले, जीप विकून टाका. मला चालवता येत होती – ह्यांनीच शिकवली होती – म्हणून विकली नाही. भाड्याने मीच चालवू लागले.

हवेवरून आमचं नेहमी वाजायचं. माझं म्हणणं, टायर कडक असावेत, एकदा भरले की काम संपलं. ह्यांचं म्हणणं, जमीन बदलली की हवा बदलायची. डांबरावर वेगळी, रेतीत वेगळी, चिखलात वेगळी. चिखल दिसला की गाडी थांबवायची, चारही टायरच्या व्हॉल्व्हच्या कॅप काढायच्या आणि मीटर लावून, थोडी-थोडी करत हवा सोडायची. कॅप हरवू नयेत म्हणून त्या एका कपात. कप माझ्या लग्नातल्या सेटमधला, गुलाबी फुलांचा, कान तुटलेला. या सगळ्याला वीस मिनिटं लागत. मी आत बसून चरफडायची.

"कायले एवढी हवा ठोकतं वं?" हे खालून ओरडायचे. "टायरले पसरू दे ना थोडा. तुझ्यासारखा ताठ राहिला त फसन!"

"मग लग्न कशाला केलं ताठ बाईशी?"

"तेव्हा मीटर नोतं माझ्यापाशी."

असो. त्या शनिवारी मला मत्स्यबीज न्यायचं होतं. पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माशांची बोटाएवढीही नसलेली पिल्लं असतात. पिशवीतली हवा संपायच्या आत ती तळ्यात पडली पाहिजेत. बीज होतं सेवंताबाईच्या गटाचं. मासेमारी करणाऱ्या धिवरांच्या बारा बायका. गावाने त्यांना एक बोडी, म्हणजे लहान तळं, एका वर्षापुरती दिली होती, तीही कुरकुरत. बीज मेलं तर बोडी परत पुरुषांकडे, असं भर सभेत ठरलेलं. मी सेवंताबाईला शब्द दिला होता की जिवंत पोचवते.

पाण्याच्या पिशव्या म्हणजे वजन. म्हणून मी पुढे तीस आणि मागे चौतीस पौंड हवा भरली, मीटरने तपासली, चारही कॅप हाताने घट्ट केल्या. सीटखालची हत्यारांची पेटी आवरली. त्यात तो कप होता. चार वर्षं उगाच पडून होता. काढला आणि घरामागे मोरीच्या दगडावर, भांडी घासायच्या राखेत ठेवला. संध्याकाळी फेकायचा म्हणून.

नऊच्या सुमारास बीज घेऊन डांबर संपतं तिथे पोचले. पुढे बोडीपर्यंत बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांतून, दीडेक किलोमीटर बैलगाडीची वाट. सेवंताबाई मोहाच्या झाडाखाली उभीच होती. वाट बघून येऊ म्हणून आम्ही दोघी पायी पुढे गेलो. दोनेकशे पावलांवर एक ट्रॅक्टर चिखलात रुतला होता आणि ड्रायव्हर शेताच्या धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता.

"ट्रॅक्टर फसून राहिला," तो म्हणाला, "तुमची जीप का उडून जाइन?"

"तू बस तिथंच," सेवंताबाई म्हणाली. "बिडी सांभाळ, तेही फसन."

दहा मिनिटांत परतलो. जीप झाडाखाली तशीच, आजूबाजूला चिटपाखरू नाही. पण गाडी खाली बसल्यासारखी वाटली. जवळ जाऊन पाहते तर चारही टायरची पोटं सुटलेली. कॅप एकही जागेवर नाही.

माझं डोकं फिरलं. तिथूनच ट्रॅक्टरवाल्यावर ओरडले, "काऊन रे, हवा तू काढली का?"

"मी त तुमच्यासमोर बसून आहो न!" तो तिथून बोंबलला.

"खरं हाय, ताई," सेवंताबाई हळूच म्हणाली. "तो हालला नाही."

पायपंप काढायला पेटीचं कुलूप उघडलं. किल्ली माझ्या कमरेला होती. आत पंप, जॅक, चिंधी... आणि गुलाबी फुलांचा कप. कपात चार कॅप.

मी त्या पुन्हा मोजल्या. सेवंताबाईने हात धरून हलवलं. "ताई, बीज पाण्याच्या वर येऊन राहिलं. जीव घाबरा झाला त्याचा. चाला न, जाऊन त पाहू."

चार टायर पायाने भरायला वेळ नव्हता. फोर-व्हीलचा लिव्हर टाकला आणि निघाले. ट्रॅक्टरपाशी आलो. जीप थोडी डोलली, टायर चिखलावर पसरले, आणि म्हैस पाण्यातून जाते तशी ती शांतपणे पलीकडे गेली. ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडातली बिडी खरंच खाली पडली.

बोडीवर बायकांनी पिशव्या तशाच पाण्यात तरंगत ठेवल्या, पाणी पाण्याला सरावू दिलं, मग तोंडं सोडली. सेवंताबाई गुडघाभर पाण्यात वाकून बघत होती. "गेले, ताई! पळून राहिले!" ती रडत होती की हसत होती, कळेना.

मी मीटर काढलं. पुढे अठरा, अठरा. मागे बावीस, बावीस. मागे ओझं असलं की चिखलासाठी आमचे हे नेमकी एवढीच हवा ठेवायचे. खोडी काढणारा टायर पार बसवेल, मागच्यांत चार जास्त ठेवणार नाही. आणि चौतीस-तीस हवा घेऊन मी त्या ट्रॅक्टरच्या शेजारी रुतले असते, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

कप मीच चुकून परत ठेवला असेल, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. मोरीवर गेले. राखेत कपाच्या बुडाचा गोल उमटलेला होता. कप नव्हता.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. कुणाकडे असेल तर कळवा. फक्त दोरे-ताईत सुचवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप राखेने घासला, धुतला, पुसला. डांबरावर जायचं होतं, म्हणून पायपंपाने चारही टायर भरले. बराच वेळ लागला, चरफडले नाही. कॅप लावून झाल्यावर कप पेटीत त्याच्या जागी ठेवला आणि जीपला म्हणजे जीपलाच म्हटलं, "पुढच्या वेळी हवा काढायची तर आधी सांगत जा. त्या ट्रॅक्टरवाल्याला उगाच बोलले मी."

मग बोडीवर मासे बघायला गेले. वाटेत चिखल आला तेव्हा गाडी थांबवली, उतरले, आणि कप काढला.