हाताने बदल करू नये

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दिवसा एका लिफ्टच्या कंपनीत सूचनाफलक लिहितात. 'दार पूर्ण लागल्याशिवाय बटण दाबू नये' हे त्यांचं वाक्य शहरातल्या चारशे लिफ्टमध्ये आहे, आणि ते वाचून बटण दाबायचा थांबलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. संध्याकाळी ते आणखी एका लिखाणाला बसत, जे फलकांपेक्षाही कमी वाचलं जातं.

फाइली एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणारा एक प्रोग्रॅम आहे. ओपन सोर्स, म्हणजे ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी मिळून फुकटात केलेला. त्याला चित्रं नाहीत की बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. हुकूम कसा द्यायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि त्या मॅन्युअलची जबाबदारी सात वर्षांपूर्वी भाऊजींवर सोपवण्यात आली. 'सोपवण्यात आली' हे त्यांचे शब्द. त्या दिवशी दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता, इतकंच.

जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू त्यांची. तिथे पाठीला उशी लावून ते 'पुसतो' बरं की 'काढून टाकतो' बरं यावर तासभर विचार करत. सुधारलेलं पान पाठवलं की मुख्य प्रोग्रामरचं एका ओळीचं उत्तर येई, 'आभारी आहे.' त्या उत्तरावर भाऊजी आठवडाभर ताठ मानेने वावरत. घरात त्यांचा एकच नियम होता. जे मॅन्युअलमध्ये आहे ते तोंडी विचारायचं नाही. कोणी विचारलंच तर ते मान वर न करता म्हणत, "लिहिलंय."

ताई शिवणकाम करते. बावीस वर्षांत तिने दोनशे चौदा पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचे कागदी साचे, तयार केली होती. बँकेतल्या एक खांदा उतरलेल्या बाईंच्या कोटाचं, एक हात आखूड असलेल्या मुलीच्या फ्रॉकचं, असली, जी बाजारात मिळत नाहीत. भाऊजींनी तीन वर्षांपूर्वी ती सगळी स्कॅन करून एका डिस्कवर ठेवली आणि कागद रद्दीत दिले. "डिस्कला वाळवी लागत नाही," असं म्हणाले. कपाट मोकळं झालं म्हणून बरं वाटल्याचं ताईने दाखवलं.

यंदा तिने नवा लॅपटॉप घेतला. त्यावर नवी तीन कटिंग होती, जुनी सगळी डिस्कवर. तिला सगळी दोन्हीकडे हवी होती.

"अहो, दोन्हीकडे सारखं कसं करायचं?"

"लिहिलंय."

एरवी तिने मला फोन केला असता. या वेळी तिने मॅन्युअल उघडलं. नव्या शिलाई मशीनचं पुस्तक वाचावं तसं, हातात पेन्सिल घेऊन, दोन दुपारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सात वर्षांत भाऊजींना लाभलेली ही पहिली वाचक. एका पर्यायापुढे लिहिलं होतं, 'दोन्ही जागा तंतोतंत सारख्या करतो.' तिला हेच हवं होतं. तिने हुकूम दिला. लॅपटॉपवर तीन कटिंग, डिस्कवरही तीच तीन कटिंग. मॅन्युअल एका अक्षरानेही खोटं बोललं नव्हतं.

ताईचा फोन आल्यावर मी पोचलो तेव्हा भाऊजी ऑफिसातून येऊन बूट न काढताच बसले होते.

"शक्यच नाही," ते म्हणाले. "त्या पर्यायाखाली ठळक सूचना आहे. मूळ जागी जे नाही, ते दुसऱ्या जागेवरून कायमचं पुसलं जाईल. चार वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलीय. तू वाचलं नाहीस."

"मी वाचलं," ताई म्हणाली.

तिने आपल्या लॅपटॉपवरचं पान पुढे केलं. सूचना नव्हती. भाऊजींनी आपल्या संगणकावरची फाइल उघडली. सूचना होती, चांगली ठळक. दोघं एकमेकांच्या पडद्याकडे बघत राहिले आणि खरं सांगतो, मला मजा वाटत होती. मग ताईने भाऊजींची फाइल अगदी वर नेली. पान वाचताना न दिसणारी, फक्त फाइल उघडली तरच दिसणारी एक ओळ तिथे होती. ती तिने मोठ्याने वाचली.

"ही फाइल प्रोग्रॅममधल्या मजकुरावरून आपोआप तयार होते. हाताने बदल करू नये." मग विचारलं, "ही ओळ कोणासाठी आहे?"

"ती असतेच वर," भाऊजी म्हणाले.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली की पान नव्याने तयार होई आणि भाऊजींची कारागिरी साफ पुसली जाई. सात वर्षं. आभार मानणाऱ्यानेही पाहिलं नाही. कोणाची तक्रार आली नाही, कारण कोणी वाचत नव्हतं. भाऊजींनी तरी कधी बाहेर पडलेलं पान उघडलं होतं? आपणच लिहिलेलं काय वाचायचं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मजा वाटायची थांबली ती ताईकडे बघून. ती रडली नाही. रिकाम्या कपाटाचं दार उघडून तिने आत बघितलं आणि पुन्हा लावलं. मला भाऊजींचा इतका राग आला की मी चहा न घेता निघालो.

दुरुस्तीवाल्याने डिस्कवरून अकरा कटिंग परत काढली, तीही अर्धीमुर्धी. भाऊजींनी सूचना आता प्रोग्रॅमच्या मजकुरातच घातली आहे, ताईने सांगितली तशी: 'याने पुसलं जातं. परत येत नाही. आधी घरातल्या माणसाला विचारा.' शेवटच्या वाक्याला अजून कोणी हरकत घेतलेली नाही. वाचलं नसणार.

गेल्या रविवारी गेलो तर टेबलावरून संगणक उठला होता. भाऊजी जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन कपडे मागून आणतात आणि गेलेली कटिंग पुन्हा काढायला मापं घेतात. बँकेतल्या बाईंचा कोट पसरला होता, पण त्याची एक बाही उसवून कुठेतरी हरवली होती.

"बाही किती धरू?" भाऊजींनी विचारलं.

मला वाटलं, आता ही म्हणते, 'लिहिलंय.' म्हणायला हवं होतं.

"साडेबावीस," ताई म्हणाली. "डावा खांदा उतरलेलाय त्यांचा, तिकडे पाव इंच कमी."

भाऊजींनी पेन्सिल घेतली आणि कागदावर लिहून घेतलं.